पाचवीच्या वर्गात अंटार्क्टिका शिकवायची तर सुरुवात पेंग्विनपासून नको

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न असा आहे: चौथी ते सातवीच्या मुलांना अंटार्क्टिकाची ओळख करून द्यायची आहे. मुलांनी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाड्यावर, नाहीतर फ्रिजमध्ये. प्रयोगशाळा नाही, खर्च बेताचाच करता येईल. शिवाय वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, "बाई, ते एवढं लांब, आपल्याला काय त्याचं?" याला काय सांगायचं?

बाई, या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करा. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी पेंग्विनचं चित्र रंगवायला देतात, आणि मुलांच्या डोक्यात अंटार्क्टिका म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा एक थंड कोपरा होऊन बसतो. पेंग्विन येऊ द्या, पण तिसऱ्या-चौथ्या तासाला. आधी मुलांना कळू द्या की ती जागा नेमकी कुठे आहे, किती मोठी आहे आणि तिथला बर्फ म्हणजे काय.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या. स्टँडवर असताना दक्षिण ध्रुव खालच्या खिळ्याखाली आणि पट्टीआड झाकलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं गोल वापरूनही मुलांनी अंटार्क्टिका पाहिलेली नसते. गोल स्टँडवरून काढा, उलटा करा आणि एखाद्या पातेल्यावर ठेवा. मग बेळगाव शोधा: सुमारे १६ अंश उत्तर, साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व. तिथे चिकटपट्टीने दोरा लावा आणि रेखावृत्ताला धरून सरळ दक्षिणेकडे न्या. दोरा भटकळच्या आसपास समुद्रात उतरतो, आणि त्यानंतर त्याच्या वाटेत अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही. जिथे तो टेकतो तिथून जवळच, लार्समन टेकड्यांवर, भारताचं ‘भारती’ हे संशोधन केंद्र आहे. ते ७६ अंश पूर्व रेखांशाच्या जरा पुढे आहे, म्हणजे जवळपास आपल्याच रेषेवर. नेमकं सांगायचं तर कोप्पळच्या थेट दक्षिणेला. बेळगावपासून अंतर सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दोरा २२ सेंटिमीटर भरतो. मुलांना तो मोजू द्या आणि किलोमीटर त्यांनाच काढू द्या (१ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर).

रेखांश जवळपास एकच असल्यामुळे आपल्याकडे मध्यान्ह होते तेव्हा तिथेही मध्यान्ह असते, फरक जेमतेम सात मिनिटांचा. मात्र तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे दिसतो. "आत्ता आपली मधली सुट्टी झाली, तिथेही दुपारच आहे" हे एक वाक्य ‘ते लांबचं’ ही भावना जितकी कमी करतं, तितकी दहा चित्रं करत नाहीत.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर अंटार्क्टिका तळाशी पांढऱ्या पट्ट्यासारखी पसरलेली दिसते. मुलं ती पट्टीच खरी मानतात. एक मोसंबी घ्या, देठाच्या उलट बाजूला पेनाने गोल काढा, साल सोलून टेबलावर सपाट दाबा. साल फाटते, ताणली जाते. नकाशात तेच होतं. खरा आकार सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर आहे, भारताच्या चौपटीहून थोडा जास्त. आपल्या मुलांना आणखी जवळचं माप देता येतं: कर्नाटक आणि महाराष्ट्र मिळून साधारण ५ लाख चौरस किलोमीटर भरतात. वहीच्या पुठ्ठ्याचे २८ सारखे तुकडे कापा, प्रत्येक तुकडा म्हणजे ‘दोन्ही राज्यं मिळून’, आणि ते जमिनीवर जोडत न्या. अठ्ठाविसावा तुकडा लावेपर्यंत वर्ग शांत झालेला असतो.

आता बर्फाबद्दल. इथे भाषेची एक अडचण आहे आणि सीमाभागात तिचा उपायही आहे. मराठीत आकाशातून भुरभुरणाऱ्या मऊ हिमालाही आपण बर्फच म्हणतो आणि कारखान्यातल्या लादीलाही बर्फच. मुलांना वाटतं, अंटार्क्टिकावरचा बर्फ पाणी गोठून लादीसारखा झाला. तुमच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं असतीलच. त्यांना विचारा, बर्फाला काय म्हणता? ‘मंजुगड्डे’. मंजू म्हणजे धुकं, दव, हिम; गड्डे म्हणजे आपला गड्डाच. हिमाचा गड्डा! अंटार्क्टिकातला बर्फ अगदी असाच झालाय. मऊ हिम पडतं, त्यावर पुढच्या वर्षीचं, त्यावर पुढचं. वरच्या भाराने खालचं दबतं, मधली हवा आत कोंडली जाते आणि हिमाचा घट्ट बर्फ होतो. प्रयोग म्हणजे गोळेवाल्याचाच: किसलेला बर्फ वाटीभर घ्या, तो वजनाला हलका, पांढरा, मोकळा. मुठीत जोरात दाबा. आकार निम्म्यावर येतो आणि घट्ट, काचेसारखा गोळा तयार होतो. अंटार्क्टिकात ती मूठ म्हणजे वर साठलेल्या हिमाचा भार. मुलांना हेही सांगा की ध्रुवाजवळच्या पठारावर वर्षाकाठी पडणारं हिम वितळवलं तर जेमतेम काही सेंटिमीटर पाणी होईल. आपल्या तालुक्यातल्या कणकुंबीला आषाढातल्या एका दिवसात त्याहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे ते वाळवंट आहे. फक्त पडलेलं वितळत नाही, साठत जातं.

हा साठा किती जाड, हे दाखवायला व्हरांड्याची भिंत वापरा. सगळ्या कामात यावर सर्वांत जास्त वेळ द्या. प्रमाण ठेवा १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर. फरशी म्हणजे समुद्रसपाटी. खडूने खुणा करा: बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर, म्हणजे ७५ सेंटिमीटर, मुलांच्या कमरेच्या आसपास. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर: १ मीटर ६५ सेंटिमीटर, बाईंच्या डोक्याएवढं. मुळ्ळय्यनगिरी, कर्नाटकातलं सर्वांत उंच, सुमारे १९३० मीटर: १ मीटर ९३. आणि अंटार्क्टिकावरच्या बर्फाची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर, म्हणजे २ मीटर. दोन्ही राज्यांची सर्वांत उंच शिखरं त्या बर्फात बुडून जातील. सर्वांत जाड ठिकाणी बर्फ साडेचार किलोमीटरहून जास्त आहे. ती खूण भिंतीवर मावत नाही, म्हणून तेवढी रेघ जमिनीवर आडवी आखा. एक चूक टाळा: ‘जाडी’ आणि ‘समुद्रसपाटीपासून उंची’ या दोन गोष्टी आहेत, रेघांना वेगळे रंग द्या. दक्षिण ध्रुवावर बर्फाचा पृष्ठभाग २८३५ मीटर उंचीवर आहे, त्यातला २७०० मीटरच्या आसपास निव्वळ बर्फच.

आता त्याच भिंतीवर, फरशीपासून ५.८ सेंटिमीटरवर निळी रेघ ओढा. अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ वितळून समुद्रात गेला तर जगभरचा समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल. बेळगाव ७५ सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे कुणीतरी लगेच म्हणेल, "मग आपण वाचलो!" हाच क्षण हवा होता. आता विचारा, बाजारातला बांगडा कुठून येतो? गोवा, कारवार, मालवण. मामा कुठे कामाला आहे? म्हापशाला, वास्कोला, मुंबईला. कारवारचा बंदर-भाग, पणजीचा नदीकाठ या भिंतीवर निळ्या रेघेच्या कितीतरी खाली येतात. मुलांकडूनच गावांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून तिथे चिकटवा.

पण याच तासात, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, हे सांगाच: सगळा बर्फ वितळायला हजारो वर्षं लागतील. आज समुद्राची पातळी वर्षाला साधारण ३ ते ४ मिलिमीटरने वाढते आहे, आणि त्यात पाणी तापून फुगणं, डोंगरावरच्या हिमनद्या, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका या सगळ्यांचा वाटा आहे. काही मिलिमीटर म्हणजे किरकोळ नव्हे. पन्नास वर्षांत ते जवळजवळ वीतभर होतं आणि भरतीच्या वादळी रात्री तेवढंच पाणी घरात शिरायला पुरतं. लहान मुलांना प्रलयाची भीती घालून काही शिकवता येत नाही, ती फक्त झोपेत दचकतात.

यानंतर दोन डब्यांचा प्रयोग. तरंगणारा बर्फ आणि जमिनीवरचा बर्फ यांतला फरक कळल्याशिवाय वरचं सगळं अर्धवट राहतं. दोन सारखे पारदर्शक डबे घ्या, तळ साधारण १५ बाय १० सेंटिमीटर. एकात मधोमध दगड ठेवा आणि दगडाचा माथा वर राहील इतकंच पाणी घाला. दगडावर १० खडे बर्फ रचा. दुसऱ्यात नुसतं पाणी आणि त्यात १० खडे तरंगत सोडा. बर्फ ठेवून झाल्यावर दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर स्केच पेनने बारीक रेघ. फ्रिजच्या ट्रेमधला एक खडा साधारण २० मिलिलिटरचा, म्हणजे १० खड्यांचं २०० मिलिलिटर पाणी. १५० चौरस सेंटिमीटरच्या डब्यात ते पातळी सव्वा सेंटिमीटरहून थोडी जास्त चढवतं, लांबूनही दिसतं. तरंगत्या बर्फाच्या डब्यात पातळी रेघेवरच राहते.

हा प्रयोग फसतो तो ठरलेल्या कारणांनी. पहिलं, भांडं फार रुंद. बादलीत केलात तर तेच २०० मिलिलिटर पाणी तीन मिलिमीटरही चढत नाही आणि मुलं म्हणतात, काही झालंच नाही. दुसरं, खूण बर्फ सोडायच्या आधी केली. मग तरंगत्या डब्यातली पातळी बर्फ सोडताच चढते आणि निष्कर्ष उलटा निघतो. तिसरं कारण आपल्या भागातलं: दगड म्हणून अंगणातला जांभा उचलला. जांभा पाणी पितो, वीटही पिते, आणि बर्फ वितळत असताना पातळी खाली जाते. काळा दगड घ्या, किंवा जांभाच हवा असेल तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. चौथं, पावसाळी हवेत डब्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब जमतात आणि मुलांना डबा गळतोय असं वाटतं; फडक्याने पुसून, ते हवेतलं पाणी आहे हे सांगा. तरंगता बर्फ अर्ध्या तासात संपतो, दगडावरचा तास-दीड तास घेतो. म्हणून पहिल्या तासाला मांडा आणि मधल्या सुट्टीआधी पाहा.

बर्फ शाळेपर्यंत न्यायचा प्रश्न येईल. लादीचा तुकडा भुसा आणि गोणपाटात गुंडाळला तर दोन-तीन तास आरामात टिकतो. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका मिळाला तर उत्तमच, फक्त आधी धुवून घ्या. लादीचा बर्फ प्रयोगापुरताच वापरा, तोंडात घालू देऊ नका.

थंडी किती, हे सांगायचं तर नुसते आकडे निसटतात. रशियाच्या व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. आइस्क्रीमचा फ्रीझर उणे १८ असतो. बेळगावच्या एप्रिलमधल्या ३७ अंशांपासून फ्रीझरपर्यंत ५५ अंशांची उतरण आहे. फ्रीझरपासून व्होस्तोकपर्यंत ७१ अंशांची. उणे अंश डोळ्यांनी पाहायचे तर कुल्फीवाल्याची रीत वापरा: ६०० ग्रॅम कुटलेला बर्फ आणि २०० ग्रॅम जाडं मीठ नीट कालवा, मधे स्टीलच्या छोट्या पेल्यात दोन चमचे पाणी ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत ते गोठतं आणि पेल्याबाहेर दव न जमता पांढरा थर धरतो. बर्फ बारीक कुटलेला नसेल किंवा मीठ थोडं असेल तर तापमान शून्याजवळच रेंगाळतं. या मिश्रणात हात घालू देऊ नका, कातडीला इजा होते. तापमापक शाळेच्या प्रयोगपेटीतला चालेल. तापाचा चालत नाही, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. पेटीतला तापमापक बहुधा उणे १० पर्यंतच असतो, त्यामुळे पारा सगळा खालच्या फुग्यात उतरला तर तो बिघडला असं समजू नका. आणि वर्गाला विचारा, व्होस्तोकला पाऱ्याचा तापमापक का चालणार नाही? पारा उणे ३९ च्या सुमारास स्वतःच गोठतो.

आता प्राणी येऊ द्या. वनस्पती तुपाचा हातमोजा हा प्रसिद्ध प्रयोग आहे: ८ बाय १२ इंचाच्या जाड पिशवीत ४०० ग्रॅम वनस्पती तूप, आत दुसरी पिशवी, काठ चिकटपट्टीने बंद. तुलनेसाठी तूप नसलेली तशीच दुहेरी पिशवी, मधली हवा पूर्ण दाबून काढलेली. हवा राहिली तर तीही थंडी अडवते आणि फरक पुसला जातो. खायचं तेल वापरू नका, ते खाली ओघळतं आणि बोटांवर थर उरत नाही. बादलीत ५ लिटर पाणी, २ किलो बर्फ. साध्या पिशवीतल्या हाताला अर्ध्या मिनिटात कळ येते. एका मिनिटाच्या वर ठेवू देऊ नका. हा प्रयोग सगळीकडे पेंग्विनच्या नावाने दाखवतात. खरा तो सील आणि व्हेलचा आहे. पेंग्विनलाही चरबी असते, पण त्याची मुख्य भिस्त दाट पिसांवर आणि पिसांत अडकलेल्या हवेवर. एम्परर पेंग्विनचा नर ऐन हिवाळ्यात दोन महिन्यांहून जास्त काळ अंडं पायांवर धरून उपाशी उभा राहतो, आणि सगळे नर एकमेकांना खेटून ऊब धरतात. ही खेटून उभं राहायची युक्ती दाखवायला आठ स्टीलचे पेले पुरतात: सगळ्यांत सारखं कडकडीत पाणी, एक मधे आणि सहा भोवती चिकटून, आठवा लांब एकटा. वीस मिनिटांनी मधल्याचं आणि एकट्याचं तापमान बघा. पेल्यांखाली वर्तमानपत्राची घडी हवी, नाहीतर शहाबादी फरशी सगळ्यांचीच उष्णता ओढून घेते.

क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) समजवायला बाजारातला सुका जवळा आणा. प्राणी वेगळा आहे, पण आकाराने आणि तोंडवळ्याने पुष्कळ जवळचा. अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि पेंग्विन, सील, व्हेल यांचं पोट त्यावर चालतं. कोवळा क्रिल समुद्री बर्फाच्या तळाशी वाढणारं शेवाळ खरवडून खातो. समुद्री बर्फ कमी झाला की पहिला घास त्याचा जातो.

पांढरं अस्वल अंटार्क्टिकात नाही. तिथे इग्लू नाहीत, आदिवासी वस्ती नाही. उत्तर ध्रुव म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र, दक्षिण ध्रुव म्हणजे समुद्राने वेढलेली जमीन. अस्वलं उत्तरेत, पेंग्विन दक्षिणेत. एवढं सांगितलं की पुरे.

सहा महिन्यांचा दिवस दाखवताना मात्र सावकाश जा. अंधाऱ्या खोलीत मधोमध बल्ब, आणि मोसंबीत उदबत्तीची काडी खुपसून ती थोडी कललेली धरा, साडेतेवीस अंश. मोसंबी बल्बभोवती फिरवताना मुलं हटकून काडीही वळवत नेतात आणि ऋतूच होत नाहीत. काडीचं वरचं टोक सगळ्या फेरीत फळ्याच्या एकाच कोपऱ्याकडे रोखलेलं राहिलं पाहिजे. मग एका बाजूला मोसंबीचा तळ गरगर फिरवूनही उजेडातच राहतो, समोरच्या बाजूला अंधारात. ध्रुवावर हा उजेड सहा महिने, आपल्या भारती केंद्रावर सुमारे दोन महिने सूर्य न मावळता. आपल्याकडे संक्रांत येते तेव्हा तिथे उन्हाळा, गणपतीत कडाक्याचा हिवाळा.

सातवीच्या मुलांना ‘महत्त्व’ आणखी दोन वाटांनी सांगता येईल. ताजं हिम ऊन ८०–९० टक्के परत पाठवतं, उघडा समुद्र दहा टक्केही नाही. थर्माकोलच्या तुकड्यांवर एक काळा, एक पांढरा कागद ठेवून उन्हात दोन सारखे बर्फाचे खडे ठेवा, फरक दिसतो (थर्माकोल नसेल तर खालची तापलेली जमीन दोन्ही खडे सारखेच वितळवते). दुसरी वाट खोलातल्या बर्फाची. त्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून शास्त्रज्ञांनी ८ लाख वर्षांची हवा मोजली आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ३०० च्या वर गेला नव्हता. आज तो ४२० च्या वर आहे. याचा नमुना उंच पेल्यात थराथराने पाणी गोठवून करता येतो, प्रत्येक थर १०० मिलिलिटर, एक थर हळदीचा म्हणजे ज्वालामुखीची राख. पुढचा थर ओतायचं पाणी फ्रिजमध्ये गार करून घ्या, नाहीतर खालचा थर विरघळून रंग मिसळतात. करंट गेला तर फ्रीझर उघडू नका.

माणसांची गोष्टही सांगा. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम गोव्याहून जहाजाने निघाली, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. १९८३–८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं केंद्र उभं राहिलं, आणि त्याच मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढे १९८९ मध्ये ‘मैत्री’, २०१२ मध्ये ‘भारती’. या मोहिमा आखणारी राष्ट्रीय संस्था वास्कोला आहे, लोंढ्याहून निघणाऱ्या गाडीचा शेवटचा थांबा. १ डिसेंबर १९५९ ला बारा देशांनी करार केला की ही भूमी शांततेच्या आणि विज्ञानाच्या कामासाठीच. भारत त्यात १९८३ मध्ये सामील झाला. १९९१ च्या जोडकराराने तिथे खाणकामाला बंदी घातली. हा सगळा उपक्रम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्या: कराराची तारीख जुळते, तिथे उन्हाळा चालू असतो, आणि आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतं.

स्वच्छ आभाळाचा उपयोग असा. ‘ध्रुव’ हा शब्द मुलांना ध्रुव ताऱ्यामुळे माहीत असतो, म्हणून त्यांना वाटतं तो दक्षिण ध्रुवावरही दिसत असेल. घरी अभ्यास द्या: रात्री आठच्या सुमारास, उत्तरेला डोंगर किंवा झाडी नसलेल्या जागी उभं राहायचं, हात सरळ ताणून मूठ क्षितिजावर ठेवायची. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. आपल्याकडे ध्रुव तारा दीड मुठीच्या जरा वर सापडतो, कारण आपण सुमारे १६ अंश उत्तरेला आहोत. दुसऱ्या दिवशी वर्गात गोल उलटा ठेवून विचारा, भारती केंद्रावरच्या माणसाला तो किती मुठींवर दिसेल? उत्तर मुलांना दोऱ्यावर बोट फिरवूनच शोधू द्या. बोट विषुववृत्तावर आलं की तारा क्षितिजाला टेकतो, आणि दोरा तर अजून बराच उरलेला असतो.